ओन्नीचं हृदय चालूच होतं

१

ओन्नी गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. आता यंत्र मोकळं झालं, हे आलं. दुःखही आलं, पण मागाहून. माणूस चांगला होता, माझ्या टॅक्सीत बसला की उतरताना दार हळू लावायचा. तरी आधी मला यंत्रच आठवलं.

यंत्र म्हणजे काडेपेटीएवढी चपटी डबी. छातीवर चिकटवायची. हृदयाचे ठोके तिच्यातून आरोग्य केंद्रातल्या पडद्यावर जातात, आणि ठोके बिघडले की हॉस्पिटलची गाडी आपोआप निघते, रस्ता बर्फानं बंद असेल तर हेलिकॉप्टर. आमच्यासारख्या आडबाजूच्या लोकांना शहरातल्यांइतकीच जगायची संधी मिळावी म्हणून सरकारनं त्यासाठी पैसे दिले. पण आमच्या वाट्याला यंत्रं आली मोजकीच, आणि हृदयं बिघडलेली माणसं भरपूर. मग रांग लागली. रांगेत पुढचं नाव इर्मेलीचं होतं, माझ्या बायकोचं. हिवाळा लागायच्या आधी ती दोनदा चुलीपाशी कोसळली होती. दुसऱ्या वेळी मी घरी होतो म्हणून वाचली. मी टॅक्सीवाला, घरी असतो कधी?

सोमवारी सकाळी तौनोचा फोन आला. तौनो हा ओन्नीचा मासेमारीतला जोडीदार.

"काउको, ओन्नीकडं ये. अँब्युलन्सला कळवलंय, पण तूच जवळ आहेस."

ओन्नीचं घर तळ्याच्या पलीकडं, झाडीत एकटंच. काठावर त्याची लाकडी सौना, वाफेनं अंघोळ करायची खोली. तौनो पायरीवर टोपी हातात धरून बसला होता. आत, वाफेच्या खोलीबाहेर कपडे बदलायची जागा असते तिथल्या बाकावर, ओन्नी हनुवटीपर्यंत घोंगडी पांघरून पडला होता. ती तौनोनंच घातली असणार.

"टॉवेलवरच होता," मी काही विचारायच्या आधीच तौनो म्हणाला. "शनिवारी सौना तापवली, त्यातच गेला. आतून आला न आला तोच."

बाहेर ओसरीत खिळ्याला ओन्नीचा टॉवेल टांगलेला होता, गोठून फळीसारखा कडक झालेला. माझा खांदा त्याच्यावर आपटला. मी खांदा चोळत आरोग्य केंद्रात रायलीला फोन लावला. रायली तिथली मुख्य नर्स, पडद्यावर लक्ष ठेवणारी. आवाज जमेल तेवढा जड केला आणि म्हटलं, "रायली, ओन्नी गेला. शनिवारीच गेलाय. त्याचं ते यंत्र आता परत येईल ना?"

पलीकडं तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रायली?"

"सकाळी सकाळी घेतलीस की काय, काउको?" ती म्हणाली. "ओन्नीचे ठोके माझ्या समोर पडद्यावर आहेत. माझ्यापेक्षा बरे आहेत."

२

बुधवारी हेलसिंकीहून मंत्रालयाची बाई आली. हेल्का तिचं नाव. सरकारी यंत्रं ज्याला दिली त्याच्याकडंच आहेत की नाहीत, हे बघणं तिचं काम. आमच्या गावात आगगाडी आता थांबत नाही, म्हणून तिला पुढच्या स्टेशनावरून मीच आणली. ती मंत्रालयातली, मी टॅक्सीवाला, पण इथं सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात.

"ते यंत्र कुठं आहे हे यंत्रच का सांगत नाही?" मी विचारलं. "माझा फोनसुद्धा सांगतो."

"ती सोय आम्हीच बंद ठेवली. माणूस कुठं जातो येतो हे सरकारनं बघू नये म्हणून."

"मग सगळ्या गावाला विचारायचं सरळ."

"म्हणजे ज्यानं घेतलंय तो घाबरून ते तळ्यात टाकेल. आणि त्याला त्याची गरज असेल, तर मरेल." तिनं हातमोजे काढले. "आणखी एक. यंत्रावर पत्ता ओन्नीचा आहे. उद्या ज्यानं लावलंय त्याचं हृदय बिघडलं, तर गाडी तळ्यापलीकडं रिकाम्या घरी जाईल. ते दार ठोठावत बसतील आणि तो इकडं संपेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपला धरून चाललो होतो की कुणीतरी ते चोरलं आणि माझ्या बायकोचं नुकसान केलं. चोर छातीचा दुखणेकरी असेल आणि कुठंतरी घाबरून बसला असेल, हा विचार मला करायचा नव्हता.

"तौनोच असणार," मी म्हणालो. "मेलेला त्यालाच सापडला. शिवाय दम लागतो त्याला, मी बघितलंय."

"असेल. रांगेत पुढं कोण आहे, माहीत आहे तुला?"

खोटं बोलावंसं वाटलं. का, ते मलाही कळलं नाही.

"माझी बायको."

तिनं हातमोजे पुन्हा चढवले. मग म्हणाली, "म्हणजे ओन्नीच्या जाण्यानं फायदा तुझाच. आधी तुझ्या घरी घे."

३

इर्मेलीनं कॉफी ठेवली होती, वेलची घातलेले पाव भाजले होते. हेल्कानं कशासाठी आलो ते सांगितलं तशी तिनं हात पुसले आणि ब्लाउजची बटणं सोडली.

"बघ. सुरकुत्यांशिवाय काही नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू का असा तोंड पाडून उभा आहेस? चोरलं असतंस तर निदान माझ्या अंगावर तरी दिसलं असतं."

हेल्का लाल झाली. पाव खाल्ल्याशिवाय इर्मेलीनं तिला उठू दिलं नाही.

तिथून आरोग्य केंद्रात गेलो. रायलीनं पडद्यावर ओन्नीच्या नावाचे गेल्या काही महिन्यांचे ठोके लावून दिले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, नुसत्या हिरव्या रेघा.

"इथं मध्येच रेघ तुटते," हेल्का म्हणाली.

"सौना असते तेव्हा. वाफेत यंत्र खराब होतं, म्हणून तेवढ्यापुरतं काढून ठेवायला आम्हीच सांगतो."

"उन्हाळ्यापर्यंत दर शनिवारी तुटलीय. त्यानंतर दर गुरुवारी."

रायली खुर्चीवर बसली. तिनं उत्तर द्यायच्या आधीच तिचा चेहरा पडला होता.

"माझ्या लक्षात आलं होतं," ती म्हणाली. "ठोकेही सुधारले होते. डॉक्टरांनी लिहिलं, औषध लागू पडलं. मी म्हटलं, म्हाताऱ्यानं सौनाचा वार बदलला असेल."

"ओन्नीनं?" मी म्हणालो. "आपल्याकडं माणूस पक्ष बदलेल, नवरा बदलेल. सौनाचा वार कोण बदलतं?"

"माहीत आहे रे मला. तेव्हाही माहीत होतं." रायलीनं चष्मा काढला. "विचारलं असतं तर कुणाचं तरी यंत्र काढून घ्यावं लागलं असतं. मला पुन्हा कुणाला नाही म्हणायचं नव्हतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं."

तिथून आम्ही ओन्नीच्या घरी गेलो. सौनाभोवती हेल्का एकटीच हिंडली. टॉवेल अजून तसाच टांगलेला होता. तिनं त्याच्यावर बोटानं टकटक केलं.

"काउको, एकट्या माणसाला सौनाला टॉवेल किती लागतात?"

"एकच. दुसरा धुणार कोण?"

तिनं मान हलवली आणि गाडीत येऊन बसली.

तौनो जुन्या स्टेशनाजवळच्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहतो. दार उघडून तो दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"यंत्र माझ्याकडं नाही. झडती घे हवी तर."

"नको. तुमच्या इमारतीची सौना खाली तळघरात आहे ना? तुझा वार कुठला?"

"पुरुषांना शुक्रवार."

"आणि गुरुवारी कोण असतं?"

तौनोचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथंच राहिला.

"गुरुवारी बायका असतात, तौनो," मीच म्हणालो. हे तर सगळ्या गावाला माहीत होतं, पण माझ्या डोक्यात ते आत्ता शिरलं.

तौनोनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. मग त्यानं दार लावून घेतलं.

४

"तिला सांगेल तो," जिन्यातून उतरताना मी म्हणालो.

"सांगू दे. पळून जाणार कुठं? ठोके चालू आहेत तोवर यंत्र तळ्यात गेलेलं नाही. उद्या गुरुवार आहे."

"तौनोनं सांगितल्यावर ती सौनाला येईल?"

"तू नसता आलास?"

मी विचार केला. "आलो असतो."

गुरुवारी संध्याकाळी हेल्का टॉवेल काखेत मारून तळघरात उतरली. इमारतीतल्या बायकांनी तिला आत घेतलं, सौनाच्या दारातून पाहुण्याला कुणी परत पाठवत नाही. मी जिन्यात बसलो. आतून पाण्याचा चर्र आवाज येत होता, मध्येच हसू. येणारी जाणारी प्रत्येक बाई माझ्याकडं बघून विचारायची, "काउको, वार चुकला का रे तुझा?" मी कसनुसं हसत होतो.

फोन वाजला. रायली होती.

"रेघ तुटली," ती म्हणाली. "आत्ताच."

म्हणजे जिला शोधत होतो ती आत गेली होती, माझ्या बायकोचं यंत्र कपड्यांवर काढून ठेवून. मला राग यायला हवा होता. मला नुसतं तिथून उठून जावंसं वाटत होतं.

हेल्का बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता, केस ओले.

"चिकटपट्टीचा चौकोन उमटलाय छातीवर," ती हळू म्हणाली. "लपवला नाही तिनं. माझ्या शेजारीच बसली होती. मला म्हणाली, तू मंत्रालयातली ना, जरा पाणी टाक निखाऱ्यावरच्या दगडांवर. मी टाकलं. मग म्हणाली, अंग पुसून होऊ दे, वर ये, कॉफी करते. त्यालाही आण, जिन्यात बसलाय त्याला."

"कोण?"

"सिल्वी."

सिल्वीनं आमच्या लग्नात गाणं म्हटलं होतं.

५

सिल्वी दुसऱ्या मजल्यावर राहते. चर्चमधल्या गाण्यात आता उभी राहत नाही, बसून गाते. हे आम्ही सगळे बघत होतो आणि वयामुळं असेल म्हणत होतो. तिनं तीन कप मांडले.

"दोनदा अर्ज केला मी," ती म्हणाली. "दोन्ही वेळा उत्तर आलं की मी हॉस्पिटलपासून तासाच्या आत राहते. स्टेशन जवळ आहे म्हणे. स्टेशन आहे जवळ, खिडकीतून दिसतं. गाडी थांबते कुठं तिथं?"

"ती तासाची रेघ मी ओढली," हेल्का म्हणाली. "नकाशावर, गाडीच्या वेळापत्रकावरून. वेळापत्रक जुनं होतं. तुझ्या नकारावर सहीसुद्धा माझीच आहे."

सिल्वीनं तिच्याकडं नीट बघून घेतलं. "तुझी होय. मला वाटलं, कुणी पुरुष असेल."

तिनं कॉफी ओतली.

"ओन्नीनं स्वतः चिकटवलं माझ्या छातीवर. मी नको म्हणत होते. म्हणाला, सरकारला नकाशा कळतो, मला तू कळतेस. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. मी उचलला नाही तर गाडी इकडं पाठवणार होता." तिनं कप खाली ठेवला. "शनिवारी संध्याकाळी फोन आला नाही. मला वाटलं रुसलाय, आदल्या दिवशी मी बोलले होते काहीतरी. म्हणून मीही केला नाही. रविवारीसुद्धा नाही. तो तिकडं पडला होता आणि मी इथं त्याचं यंत्र लावून फुरंगटून बसले होते."

"तौनोनं सांगितल्यावर काढलं का नाहीस?" मी विचारलं. मला बोलायचं नव्हतं, बोलून गेलो.

"भीती वाटली, काउको. दुसरं काय."

तळ्यावरून वारा सुटला होता. खिडकीची काच हलत होती.

"एक सांग मला," सिल्वी हेल्काला म्हणाली. "तू सगळं बघून आलीयस. तौनो म्हणतो, ओन्नी टॉवेलवरच होता. सौनातून बाहेर येतानाच गेला. म्हणजे यंत्र त्याच्याकडं असतं तरी तेव्हा त्यानं काढूनच ठेवलं असतं ना?"

हेल्कानं आपला कप बशीत नीट ठेवला. मग म्हणाली, "हो. टॉवेलवरच होता. यंत्रानं काही झालं नसतं."

सिल्वीनं डोळे मिटले. मग पाठ फिरवून ब्लाउजमध्ये हात घातला, आणि चिकटपट्टी निघाल्याचा बारीक आवाज आला. यंत्र तिनं टेबलावर ठेवलं. लहानसा दिवा अजून लुकलुकत होता.

"आता कुणाला जाणार?"

"रांगेतल्या पुढच्याला," हेल्का म्हणाली. "अपवाद करायचा अधिकार मला नाही. रेघ बदलायला समिती बसावी लागेल, ती वसंतात. मी मांडेन ते तिथं."

"पुढची इर्मेली ना?" सिल्वीनं यंत्र उचललं आणि माझ्या हातात दिलं. "तिला सांग, लावायच्या आधी कातडी नीट कोरडी कर. नाहीतर खाज येते."

ते अजून गरम होतं. सिल्वी माझ्याकडं बघत होती, हेल्का टेबलाकडं. राहू दे तुझ्याकडंच, एवढेच शब्द बोलायचे होते. मी तोंड उघडलंसुद्धा.

"आभारी आहे," मी म्हणालो.

६

गाडीत मी हीटर लावला. इमारतीच्या आवारातून गाडी काढवेना.

"तौनो खोटं बोलतोय ना?" मी विचारलं. "काल टॉवेलाचं विचारलंस तेव्हापासून डोक्यात घोळतंय."

"ओन्नीकडं टॉवेल एकच, आणि तो ओसरीत वाळत घातलेला. टॉवेलवर असलेला माणूस टॉवेल बाहेर टांगेल कशाला? त्याची अंघोळ झाली होती. अंग पुसून, टॉवेल टांगून, कपडे घालून तो बाकावर बसला होता. तौनोनं घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली ती सदरा दिसू नये म्हणून. तुला, आणि तुझ्यामार्फत गावाला."

"म्हणजे यंत्र असतं तर त्यानं परत लावलं असतं."

"कपड्यांच्या आधी. मग गाडी निघाली असती. वाचला असता की नाही, कुणी सांगावं. पण निघाली असती."

"आणि तू तिला हो म्हणालीस."

"तौनोनं सुरू केलं, मी पुढं चालवलं." तिनं माझ्याकडं बघितलं. "आता तू."

"आणि मंत्रालयाला काय सांगशील?"

"सगळं खरं. माझ्या रेघेसकट. सिल्वीचं नाव न घालता आलं तर बघते." तिनं सीटचा पट्टा ओढून लावला. "दोन छात्या आणि एक यंत्र असं गणित मी घालून ठेवलं, काउको, आणि त्याला समान संधी हे नाव दिलं. पुरस्कार मिळाला होता मला त्याबद्दल."

आरोग्य केंद्रात रायलीनं यंत्रावरचं नाव बदललं. हेल्काला पुढच्या स्टेशनावर सोडून मी घरी आलो. रायलीनं फोनवर कळवलेलंच होतं, इर्मेली धुतलेला ब्लाउज घालून वाट बघत बसली होती.

"कुणाकडं होतं?" तिनं विचारलं.

ओन्नीचं होतं, असं म्हणायचं मी रस्ताभर ठरवत आलो होतो. ते खोटंही नव्हतं. पण पंचेचाळीस वर्षं जी बाई माझं तोंड बघतेय तिच्यापुढं ते निघेना. मी सगळं सांगितलं. टॉवेलाचं मात्र नाही.

ती ऐकत राहिली. मग तिनं बटणं सोडली.

"तुला लाज वाटतेय?"

"वाटतेय."

"मलाही. लाव."

मी तिची कातडी कोरडी केली आणि लावलं. दिवा लुकलुकायला लागला. रायलीचा फोन आला की ठोके दिसतायत. इर्मेलीनं बटणं लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ओन्नी तिला रोज फोन करायचा ना? आता तू करायचास. सकाळी आणि संध्याकाळी. आणि उचलला नाही तर भाडं सोडून आधी तिकडं जायचंस."

दुसऱ्या दिवशी पहिलं भाडं घ्यायच्या आधी मी गाडीत बसून सिल्वीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. खूप वेळ वाजली. आणि ती वाजत असताना माझ्या मनात आलं, नाहीच उचलला तर सुटलो, वसंतापर्यंत रोज हे करायला नको. असं मनात आलं. गाडी सुरू करायला हात किल्लीकडं गेला होता तो थबकला, आणि मी माझ्याच हाताकडं बघत राहिलो.

तेवढ्यात तिनं उचलला.

"कोण, काउको? जिना चढत होते रे, पेपर आणायला गेले होते." धाप लागली होती तिला. "जिवंत आहे. इर्मेली?"

"आहे."

"बरं झालं," सिल्वी म्हणाली, आणि तिनं ते मनापासून म्हटलं होतं. "मग संध्याकाळी कर."